नळी आखूड केली की मोठं रिव्हॉल्व्हर लपतं? तीन वाक्यांचा सल्ला आणि त्यातल्या तीन चुका

अमेरिकेत शस्त्र बाळगणाऱ्या लोकांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे: "मोठ्या फ्रेमचं रिव्हॉल्व्हर घ्या, पण नळी अडीच इंची. लपवायला सोपं, आणि मार मात्र पुऱ्या मॅग्नमचा. जड वाटलं तर हलक्या धातूचं घ्या." (फ्रेम म्हणजे रिव्हॉल्व्हरचा सांगाडा, आणि मॅग्नम म्हणजे बंदुकीची दारू जास्त भरलेलं जोरकस काडतूस.) हा सल्ला ऐकून लोक हजार-बाराशे डॉलर घालवतात आणि महिन्याभरात ते रिव्हॉल्व्हर कपाटात पडतं. अशी रिव्हॉल्व्हरं वाईट नाहीत, काही कामांना तर उत्तम आहेत. पण ती या कारणांसाठी घ्यायची नाहीत.

"लपवायला सोपं." कमरेला लावलेल्या रिव्हॉल्व्हरची नळी पट्ट्याच्या खाली जाते आणि तिथे ती कोणाला दिसत नाही. शर्टातून उठून दिसते ती मूठ, आणि फुगवटा येतो सिलिंडरचा. स्मिथ अँड वेसन कंपनीच्या मोठ्या एन फ्रेमचं सिलिंडर साधारण १.७ इंच, म्हणजे ४३ मिलिमीटर जाड असतं. त्यांच्याच छोट्या जे फ्रेमचं १.३ इंच, म्हणजे ३३ मिलिमीटर. नळी सहाची अडीच इंच केली तरी ते ४३ मिलिमीटर जागचे हलत नाहीत. बसताना नळी टोचत नाही आणि गाडीत वावरणं सोपं होतं, एवढा फायदा खरा.

त्यात एक तोटा आहे, तो कोणी सांगत नाही. .४४ मॅग्नमची (.४४ हा गोळीचा इंचातला ढोबळ व्यास) सहा काडतुसं भरली की सिलिंडरमध्ये सुमारे दीडशे ग्रॅम वाढतात, आणि हे सगळं वजन पट्ट्याच्या वर येतं. खाली तोल धरायला लांब नळी नसते. त्यामुळे वरचा भाग अंगापासून सुटतो, मूठ बाहेर कलंडते आणि शर्टाला तंबूसारखा उचलते. तीन किंवा चार इंची नळी इथे जास्त चांगली लपते, कारण ती मांडीला टेकून मूठ आत दाबते. आखूडच हवी असेल तर पट्ट्याच्या खाचा दोन बाजूंना लांब असलेलं, चपटं, चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर घ्या आणि ते कमरेच्या हाडाच्या जरा मागे लावा. पट्टा दीड इंच रुंद, दुहेरी कातड्याचा, ताठ असावा. बाजारातल्या साध्या मऊ पट्ट्यावर सव्वा किलोचं रिव्हॉल्व्हर दुपारपर्यंत खाली ओघळतं. मुठीसाठी खालून गोलाकार फ्रेम आणि गुळगुळीत लाकूड निवडा, कारण मऊ रबराला कापड चिकटतं.

(अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी: एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असाल तर वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून शस्त्र किंवा काडतूस जवळ ठेवणंच संघीय कायद्याने गुन्हा आहे. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. पण लपवून बाळगण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालेलच असं नाही.)

"मार पुऱ्या मॅग्नमचा." मॅग्नममध्ये सावकाश जळणारी दारू भरपूर भरलेली असते आणि तिला जळायला नळीची लांबी लागते. २४० ग्रेनची (सुमारे साडेपंधरा ग्रॅमची) .४४ मॅग्नम गोळी लांब नळीतून सेकंदाला साधारण १३५० फुटांनी जात असेल, तर अडीच इंचीतून ती १०५० च्या आसपास येते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने घटते, म्हणजे सुमारे चाळीस टक्के गेली. उरलेली दारू तोंडाशी जळते. अंधारात डोळे दिपतात आणि खोलीत कानठळ्या बसतात. शिवाय जास्त वेगासाठी घडवलेली पोकळ टोकाची गोळी कमी वेगात उमलेलच असं नाही.

म्हणून या नळीला जाड आणि संथ काडतूस शोभतं. .४४ स्पेशल किंवा .४५ एसीपी मुळातच वेगावर अवलंबून नाहीत, त्यामुळे त्यांचं नुकसान कमी होतं. .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल चालतं, उलट चालत नाही. अलास्कात तपकिरी अस्वलांच्या भीतीने रुगर सुपर रेडहॉक अलास्कन हे अडीच इंची नळीचं मोठं रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे जड, टणक शिशाची गोळी खोल जावी एवढंच लागतं, आणि रिव्हॉल्व्हर छातीवर उघडं बांधलं जातं. लपवण्याचा प्रश्नच येत नाही.

"जड वाटलं तर हलकं घ्या." हा भाग सर्वांत घातक. काडतूस तेच ठेवून रिव्हॉल्व्हरचं वजन दोन तृतीयांश केलं, की धक्क्याची ऊर्जा दीडपट होते. स्कँडियम या हलक्या मिश्रधातूच्या फ्रेमच्या ७१० ग्रॅमच्या .४४ मधून पुऱ्या ताकदीची सहा काडतुसं झाडल्यावर पुढच्या सहांची इच्छा फार थोड्यांना होते, आणि ज्याचा सराव होत नाही ते बाळगून उपयोग नाही. शिवाय त्या धक्क्याने सिलिंडरमधल्या न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचातून, पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की ती फ्रेमला अडते, सिलिंडर फिरत नाही आणि चाप ओढलाच जात नाही. तपासणी सोपी आहे. एका काडतुसाची लांबी व्हर्नियरने मोजा, ते भरा, बाकीची पाच झाडा आणि तेच पुन्हा मोजा. लांबी पाव मिलिमीटरहून जास्त वाढली तर तो माल त्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद. अशा हलक्या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर टायटॅनियमचं असेल तर त्याच्या आत खरखरीत घासणी किंवा पॉलिश लावू नका, वरचा थर निघतो.

विकत घेताना आणखी दोन गोष्टी हातात धरून पाहा. एक, बोट चापावर पहिल्या पेरापर्यंत पोचायला हवं, आणि तेव्हा मुठीची पाठ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात मधोमध बसायला हवी. मूठ वळवून पोचावं लागत असेल तर फ्रेम तुमच्या हाताला मोठी आहे. दोन, पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा. आखूड नळीखाली तो बरेचदा आखूड असतो आणि मॅग्नमची पुंगळी ३२ मिलिमीटरहून लांब. नळीचं तोंड वर करून तळहाताने एकच जोरदार फटका द्या. हळू ढकललं तर पुंगळी अर्धवट राहते आणि न जळलेल्या दारूचे कण चांदणीखाली (पुंगळ्या उचलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली) पडतात. मग सिलिंडर बंद व्हायला कुरकुरतं. मऊ ब्रशने चांदणीखालचा भाग साफ करणं हाच उपाय. .४५ एसीपीची पुंगळी जेमतेम २३ मिलिमीटर, आणि सहाही पातळ धातूच्या एका चकतीत (मून क्लिप) अडकवलेल्या असल्याने त्या एकदम पडतात. चकती वाकली तर मात्र चाप जड होतो. रिकामी चकती काचेवर ठेवा. कडेखालून उजेड दिसला तर ती फेकून द्या.