तिसऱ्याच दिवशी मासळीला वास आला, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या वनस्पतीजन्य पिशवीत ठेवलेली मासळी फ्रिजमध्ये तिसऱ्याच दिवशी वास मारू लागली, पिशवी आतून चिकट झाली, आणि कुंडीत पुरलेली पिशवी दोन महिन्यांनंतरही तशीच आहे, असं तुम्ही लिहिलंत. मासळी वाया गेली याचं मनापासून वाईट वाटलं.

चिकटपणाची चूक आमची. ही पिशवी स्टार्चची आहे. कोरडी असताना ती ऑक्सिजन चांगला अडवते, पण पाणी शोषून फुगली की ती ताकद घटते. मासळी धुतल्यावर नीट टिपून, आतल्या शोषक पट्टीवर ठेवावी लागते. पाकिटावर हे लिहिलेलंच नव्हतं, मग तुम्हाला कसं कळणार?

वासाचं थोडं सविस्तर सांगते. थंडीत जिवाणू मरत नाहीत, मंदावतात. शेवानेला, स्यूडोमोनास यांना तर थंडी मानवते. मासळीतल्या ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइडपासून शेवानेलासारखे जिवाणू ट्रायमेथिलअमाइन बनवतात, तोच तो नकोसा वास. पिशवीतला लवंगतेलाचा अंश ही वाढ लांबवतो, थांबवत नाही. 'पाच दिवस ताजी' हा आमचा दावा ० ते २ अंशांवरच्या ताज्या मासळीचा आहे. घरचा फ्रिज बहुधा ४-५ अंशांवर असतो, दाराचा कप्पा त्याहून गरम. तापमान न छापता दिवस छापले, हे बरोबर झालं नाही.

'मग प्लास्टिकसारखी पूर्ण हवाबंद का करत नाही?' हा तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. हवा अजिबात नसेल तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे काही प्रकार ३ अंशांच्या जरा वरही वाढतात आणि मासळीला वास येण्याआधीच विष तयार करू शकतात. म्हणून पिशवी थोडा ऑक्सिजन आत येऊ देते. मासळी एखादा दिवस कमी टिकली तरी चालेल, पण यात आम्ही बदल करणार नाही.

कुंडीत राहिला असेल तो पारदर्शक खिडकीचा भाग. तो पॉलिलॅक्टिक ॲसिडचा, म्हणजे वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकचा आहे, त्याला कुजायला कंपोस्ट खत प्रकल्पातली साधारण ६० अंशांची ऊब लागते. नुसतं 'विघटनशील' छापून आम्ही तुमची दिशाभूल केली. नव्या छपाईत तापमान, मासळी टिपण्याची सूचना आणि खिडकी वेगळी काढण्याची खूण, तिन्ही असतील.

पिशव्यांचे आणि मासळीचेही पैसे परत करतो. पाकिटामागचा बॅच क्रमांक आणि मासळी कोणत्या कप्प्यात होती एवढं कळवाल का? त्या बॅचच्या पिशव्या आम्हाला पुन्हा तपासायच्या आहेत.