घरच्यांना कसली आलीय थेरपी?

गेले पंधरा दिवस आमच्या सोसायटीच्या, शाळेच्या, झालंच तर भिशीच्याही ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: कॅन्सर पेशंटला झालाय, घरच्यांना नाही. मनापासून सेवा केली की ताण येतच नाही. आपल्या आज्या कुठे गेल्या होत्या समुपदेशनाला? थेरपी म्हणजे पैसे मोजून गप्पा. खाली हात जोडलेले.

पुण्यात सिंहगड रोडवरच्या दोन खोल्यांत नवऱ्याच्या केमोच्या सहा सायकल काढल्यात, म्हणून उत्तर देते.

मनापासून सेवा केली की ताण येत नाही म्हणे. अहो, मनापासून करतो म्हणूनच येतो. परक्याला ताप आला असता तर मी घोरत पडले असते.

आज्यांचं म्हणाल, तर वाड्यात बारा माणसं होती. एकजण उशाशी बसलं की दुसरीने भाकऱ्या थापल्या. आता दुपारी हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये केमोचं सलाईन उतरतं आणि संध्याकाळी पेशंट घरी. पुढची सगळी नर्सगिरी आपली. ती बारा माणसं परत द्या, मी थेरपी सोडते. आणि आज्यांना ताण नव्हता हे कुणी सांगितलं? आजोबांच्या आजारपणानंतर माझी आजी वर्षभर धड जेवली नव्हती. घरात त्याला ‘तिचा स्वभाव’ म्हणायचे.

आता ‘गप्पा’. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, संसर्गाशी लढायची ताकद कमी होते. ताप १००.४ वर गेला की सकाळची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. हे कळल्यापासून मी रात्री चार-चारदा उठून नवऱ्याचं कपाळ चाचपायचे. समुपदेशक बाई ‘धीर धरा’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी कागदावर दोन रकाने पाडले. ताप येईल का, हे माझ्या हातात नाही. आला तर काय करायचं, हे आहे. मग थर्मामीटर उशाशी, वॉर्डचा नंबर फ्रिजवर, फाइल आणि चार्जर पिशवीत, गाडीसाठी शेजारच्या काकांना आधीच सांगून ठेवलेलं. ताप बघायचा झोपताना आणि पहाटे पाचला. मध्ये त्याला थंडी वाजली किंवा बरं वाटेना तर तो हाक मारेल. दुसऱ्या आठवड्यात मी पाचाचा गजर लागेपर्यंत झोपले. या गप्पा नव्हेत. अडचण सोडवायला शिकवणारी रीतसर पद्धत आहे ही.

माझ्या एकटीचं सोडा. अमेरिकेतल्या संशोधक लॉरेल नॉर्थहाउस आणि सहकाऱ्यांनी २०१० साली, कॅन्सर पेशंटच्या घरच्यांना समुपदेशनासारखी मदत देऊन पाहणारे २९ अभ्यास एकत्र तपासले. अशा मदतीने त्यांच्यावरचा भार कमी झालेला दिसला. परिणाम लहान ते मध्यम, जादू नाही. पण मेसेज म्हणतो तसा शून्यही नाही. ‘वेळ कुठाय’ म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेत २०१५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात घरच्यांना ही मदत मुख्यतः फोनवरूनच दिली होती. ज्यांना ती लगेच मिळाली त्यांचं नैराश्य, तीन महिने उशिरा मिळालेल्यांपेक्षा कमी राहिलं.

पैशांचा मुद्दा मात्र खरा. खासगी थेरपी खिशाला जड जाते. ससून या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत तेवढा खर्च नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही. ती पूर्ण थेरपी नव्हे, पण रात्री अडीचला कुणीतरी फोन उचलतं. वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्रात पेशंटबरोबर घरचं माणूसही राहतं आणि पैसे घेत नाहीत. पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी, या शब्दाला लोक उगाच दचकतात. केमो चालू असतानाही ती मदत घेता येते.