'अनामिक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: आयसीयूतलं डायलिसिस आणि घाई

अनामिक महोदय,

"एसीत बसून 'थांबा' म्हणणं सोपं असतं. तोवर पेशंट जातो," असं आपण माझ्या मागच्या लेखाखाली लिहिलंत. आयसीयूत किडनी अचानक बसलेल्या पेशंटला तातडीचं कारण नसेल तर लगेच डायलिसिस लावू नये, थांबून बघावं, असं त्या लेखात म्हटलं होतं. इतकं ठासून लिहिता येतं, तर खाली नाव टाकायला काय हरकत होती? असो. मान्य करण्यासारखं आधी मान्य करतो: 'डायलिसिसची घाई नको' हे शीर्षक जरा भडक झालं, त्यात 'कारण नसताना' एवढं हवं होतं. लेखात ते आहे. पण त्यासाठी शीर्षकाच्या खाली उतरावं लागतं.

आता तुमचा एसी. निवासी डॉक्टर असताना मी ज्या सरकारी रुग्णालयात होतो, तिथला एसी मशीनसाठी होता, आमच्यासाठी नव्हे. रात्री दोनला सेप्सिसच्या (अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाच्या) पेशंटच्या मानेत डायलिसिसची नळी, म्हणजे कॅथेटर, घालायचं, घरचे दाराशी "लवकर करा" म्हणत उभे. टेक्निशियन लाइन जोडून पंप सुरू करतो आणि दहा मिनिटांत वरचं प्रेशर ११० वरून ७० वर. मग नॉरअॅड (प्रेशर वाढवणारं औषध) वाढवा, पाणी काढणं थांबवा, पाय वर करा. हे एकदा नाही, पुष्कळदा पाहिलंय. रक्तपुरवठा कमी पडला म्हणून जी किडनी बसली, तिला सावरायच्या नावाखाली आपणच प्रेशर आणखी पाडतो. सोपं म्हणे! सोपं असतं ते मशीन लावणं. काहीतरी चाललंय असं नातेवाइकांना दिसतं तरी. क्रिएटिनिन (किडनी बसली की रक्तात वाढणारा घटक) ५ असताना हात आवरून लघवीच्या पिशवीकडे बघत बसायला जास्त छाती लागते.

लवकर डायलिसिस केल्याने मृत्यू कमी होतात, यासाठी आपण जर्मनीतल्या २०१६ च्या अभ्यासाचा दाखला दिलात. एकाच केंद्रातला, २३१ रुग्णांचा, बहुतेक शस्त्रक्रियेनंतरचे. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ३१ आयसीयूंतल्या ६२० रुग्णांचा अभ्यास आला: एका गटाला लवकर डायलिसिस, दुसऱ्याला गरज पडेपर्यंत थांबून. थांबलेल्या गटात जवळपास निम्म्यांना डायलिसिस लागलंच नाही, आणि मृत्यूंत दोन्हीकडे फरक नाही. कॅथेटरमधून रक्तात जंतुसंसर्ग मात्र लवकर सुरू केलेल्यांत १० टक्के, थांबलेल्यांत ५. पुढे २०२० मध्ये १५ देशांतल्या सुमारे ३,००० रुग्णांवरचा, अशाच दोन गटांचा स्टार्ट-एकेआय हा अभ्यास: ९० दिवसांत मृत्यू दोन्ही गटांत ४४ टक्क्यांच्या आसपास. पण जगलेल्यांपैकी तेव्हाही डायलिसिसवरच असलेले घाईच्या गटात १०.४ टक्के, दुसरीकडे ६. हा तुमच्या नजरेतून सुटला, जर्मनीचा तेवढा बरा सापडला!

आणि बेमुदत थांबा असं मी कुठे म्हटलंय? पोटॅशियम ६ च्या वर जाऊन औषधांना दाद देत नाही, रक्तातलं आम्ल वाढून पीएच ७.१५ च्या खाली, फुफ्फुसात पाणी भरून ऑक्सिजन टिकत नाही: अशा वेळी घड्याळ बघू नका, हे लेखाच्या तिसऱ्याच परिच्छेदात आहे. बीयूएन (रक्तातल्या युरियाचं एक माप) १४० पर्यंत, म्हणजे आपल्या लॅबच्या युरियात साधारण ३०० पर्यंत ताणून फायदा नाही, उलट नुकसानाची शक्यता, हेही फ्रेंचांनीच २०२१ मध्ये दाखवलं. वाचायचंच नसेल तर माझा इलाज नाही.

तालुक्याच्या ठिकाणी रात्री मशीन नसतं, अँब्युलन्समध्ये तीन तास जातात, त्या अभ्यासांत ते खाटेशेजारी तयार होतं, म्हणून आपल्याकडे थांबणं परवडत नाही, असंही आपण म्हणता. तो व्यवस्थेचा प्रश्न, वेगळ्या लेखाचा विषय. "पहिलं डायलिसिस दोनच तास करून बिल पूर्ण लावतात" याबद्दल: युरिया एकदम उतरवला की मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून दोन तास. बिलाचं बिल करणाऱ्याला विचारा.

आपल्या काकांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण कागद न बघता "लवकर केलं असतं तर वाचले असते" यावर मी बोलणार नाही, आणि आपणही तो निकाल देऊ नये. "सगळे डॉक्टर एकमेकांना सामील असतात" या वाक्याला उत्तर देत नाही.