शिक्षण मंडळावरचे जिमी कार्टर

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर गेले, तेव्हा मी वाचलेल्या बहुतेक मृत्युलेखांत भुईमुगाची शेती, इजिप्त-इस्रायलमधला कॅम्प डेव्हिडचा करार आणि निवृत्तीनंतर स्वतः हातोडा घेऊन गरिबांसाठी बांधलेली घरे एवढाच ऐवज होता. माझ्या मते त्यांचे राजकारण समजून घ्यायचे असेल, तर जॉर्जिया राज्यातील समटर काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) शिक्षण मंडळावरची त्यांची वर्षे आधी वाचावीत. ती वर्षे त्यांच्या चाहत्यांना वाटतात तेवढी उजळ नाहीत, आणि म्हणूनच ती वाचण्यासारखी आहेत.

कार्टर १९५५ मध्ये या मंडळावर आले. वडील अर्ल कार्टरही पूर्वी याच मंडळावर होते. १९५२ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले आणि वर्षभरातच वारले. जिमी आले तेव्हा शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याच्या निकालाला जेमतेम एक वर्ष झाले होते, आणि जॉर्जियातील सत्ताधाऱ्यांनी तो निकाल अमलात आणायचाच नाही असा चंग बांधला होता. समटरमध्ये गोऱ्या मुलांना शाळेची बस मिळे, काळी मुले पायी जात. आणि आपण मंडळावर येऊन काही महिने लोटेपर्यंत ही गोष्ट आपल्या ध्यानातही आली नव्हती, हे कार्टर यांनी नंतर स्वतःच सांगितले आहे. वर्णभेद टिकवण्यासाठी झटणाऱ्या गोऱ्यांच्या सिटिझन्स कौन्सिल या संघटनेचे सभासद होण्यास त्यांनी ठाम नकार दिला आणि त्यापायी गोदामाच्या धंद्यावर काही काळ बहिष्कारही सोसला. मात्र मंडळाच्या बैठकीत उठून ‘काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एकत्र करा’ असे ते म्हणाले नाहीत. खासगीत ताठ आणि सभेत गप्प, असा हा माणूस होता. त्या काळी त्या गावात गप्प राहणे समजू शकते, पण समजू शकते म्हणून ते धैर्य ठरत नाही.

ते खरे उघडे पडले १९६१ मध्ये. मंडळाचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी काउंटीतील आणि अमेरिकस शहरातील शाळांचा कारभार एकत्र करण्याची योजना मांडली. लहान लहान हायस्कुलांत विज्ञानाची प्रयोगशाळा नाही, परकीय भाषांना शिक्षक नाहीत, तेव्हा एक मोठी आणि सुसज्ज शाळा असावी, असा त्यामागचा साधा हिशेब होता. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत आणण्याचा त्यात शब्दही नव्हता. तरीही हा काळ्या-गोऱ्या मुलांच्या एकत्रीकरणाचा चोरदरवाजा आहे अशी कुजबुज सुरू झाली, गावची शाळा जाणार म्हणून खुद्द कार्टर यांच्या प्लेन्स गावचे लोक बिथरले आणि मतदानात योजना थोडक्यात पडली. जे आपण बोललोच नाही त्याची किंमत त्यांना अशी मोजावी लागली. शाळांचा पैसा आणि कायदा दोन्ही राज्याच्या राजधानीत, अटलांटात ठरतात, तेव्हा तिथेच गेले पाहिजे, हे त्यांनी या पराभवातून ताडले असावे असा माझा तर्क आहे. शाळाच बंद करण्याची भाषा राज्यात उघडपणे चालली होती, हे दुसरे कारण त्यांनी स्वतःच दिले आहे.

संधी आली ती न्यायालयांमुळे. जॉर्जियात प्राथमिक निवडणुकीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या मतदानाचा, निकाल एकूण मतांवर ठरत नसे. १५९ काउंट्यांना मिळून ४१० ‘युनिट’ दिलेले होते, आणि काउंटीत जो पुढे राही त्याला तिची सगळी युनिटे मिळत. पाच लाखांवर वस्तीच्या फुल्टन काउंटीला ६ आणि अडीच हजारही माणसे नसलेल्या क्विटमन काउंटीला २. खेड्यातल्या पुढाऱ्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर या आकड्यांत आहे. १९६२ मध्ये ही पद्धत कोसळली आणि राज्याच्या सेनेटचे, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे, मतदारसंघ नव्याने आखले गेले. १ ऑक्टोबर, म्हणजे कार्टर यांचा अडतिसावा वाढदिवस. त्या सकाळी त्यांनी गोदामातले रोजचे कपडे सोडून रविवारची पँट चढवली. ‘कुणाच्या अंत्यविधीला निघालात का?’ असे रोझलिन यांनी विचारले, तेव्हा कुठे त्यांना कळले की नवरा उमेदवारी जाहीर करायला चालला आहे. मतदान १६ तारखेला होते.

सात काउंट्यांच्या त्या मतदारसंघात क्विटमनचा कारभारी होता ज्यो हर्स्ट. जॉर्जटाउनच्या मतदान केंद्रावर मतपत्रिका आडोशाशिवाय, त्याच्या डोळ्यांदेखत भराव्या लागत, आणि मते पडत ती एका पुठ्ठ्याच्या खोक्यात. मतदान केले ३३३ जणांनी, खोक्यात मतपत्रिका निघाल्या ४२०. यादीप्रमाणे शंभराहून अधिक मतदार तर वर्णानुक्रमाने रांग लावून आले होते, आणि त्यांत मेलेल्यांची व तुरुंगात असलेल्यांचीही नावे होती. (आपल्या वाचकांना हा प्रकार समजावून सांगायला नको.) कार्टर १३९ मतांनी हरले. ‘अटलांटा जर्नल’चे वार्ताहर जॉन पेनिंग्टन यांनी प्रकरण लावून धरले, वकील चार्ल्स कर्बो यांनी फेरमोजणीच्या वेळी ते शांतपणे मांडले, आणि न्यायाधीश कार्ल क्रो यांनी ते खोकेच बाद ठरवले. उरलेल्या मतांत कार्टर ६५ ने पुढे निघाले.

चरित्रकारांना हा प्रसंग फार आवडतो, आणि आवडण्यासारखा आहेच. पण त्या खोक्यामुळे शिक्षण मंडळावरची सात वर्षे झाकली जातात. जानेवारी १९६३ मध्ये सेनेटमध्ये गेल्यावर त्यांनी शिक्षणाचेच काम मागून घेतले, आणि प्रत्येक विधेयक वाचूनच मत देईन हा शब्द पाळण्यासाठी जलद वाचनाचा अभ्यासक्रमही केला. काळ्या मतदारांना गाळण्यासाठी विचारल्या जाणाऱ्या ‘तीस प्रश्नां’विरुद्ध ते तिथे बोलले. १९६५ मध्ये प्लेन्सच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये काळ्यांना प्रवेश द्यावा या बाजूने फक्त सहा मते पडली. त्यांत बहुतेक मते कार्टर कुटुंबाची होती. पुढच्याच वर्षी त्यांच्या आई लिलियन, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतर्फे आपल्या विक्रोळीत कुटुंबनियोजन आणि दवाखान्याचे काम करायला आल्या. घरात धीट कोण होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

१९७० च्या गव्हर्नरपदाच्या प्रचारात कार्टर पुन्हा वर्णद्वेष्ट्या मतदारांना चुचकारत राहिले, आणि निवडून येताच शपथविधीच्या भाषणात वर्णभेदाचा काळ संपला असे म्हणाले. मते मिळेपर्यंत थांबायचे आणि मग बोलायचे, ही सवय समटरचीच. तिचा लाभ राज्याला झाला, हेही नाकारता येत नाही. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मात्र, १९७७ च्या जानेवारीत, त्यांनी मुलगी एमीचे नाव वॉशिंग्टनमधल्या, बहुसंख्य काळी मुले असलेल्या एका सरकारी शाळेत घातले, आणि १९७९ मध्ये स्वतंत्र शिक्षण खात्याच्या कायद्यावर सही केली.