विषाणूचं आवरण म्हणजे थिजलेलं तूप नव्हे

"विषाणू म्हणजे चरबीत गुंडाळलेलं प्रोटीन. चरबी उष्णतेने वितळते. म्हणून कढत पाणी प्या, वाफ घ्या, माउथवॉशच्या गुळण्या करा. सॅनिटायझरने तर कुठलाही विषाणू मरतो." हा मेसेज आता आत्यापर्यंत पोचलाय आणि ती नातवाला रोज उकळत्या पातेल्यावर वाकवतेय. म्हणून हे लिहितोय.

फ्लू आणि कोरोनाला चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फाटतं, एवढं खरं. मान्य.

पण 'वितळते' कुठून आलं? ते आवरण म्हणजे विषाणूने बाहेर पडताना आपल्याच पेशीचा पांघरलेला पापुद्रा. जाडी जेमतेम 4-5 नॅनोमीटर, आणि 37 अंशांना तो प्रवाहीच असतो. त्यातले लिपिडचे, म्हणजे चरबीचे, रेणू सतत इकडून तिकडे सरकत असतात. मग वितळायचं राहिलं काय? आणि तो पापुद्रा मोडेल एवढी उष्णता घशाच्या पेशींना सोडेल का?

पापुद्र्यांशी खरी झोंबाझोंबी प्रोटीन करतं. फ्लूच्या विषाणूवरचं हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रोटीन घ्या. पेशी विषाणूला एका पिशवीतून आत घेते. पिशवीतलं पीएच 5 ते 5.5 पर्यंत उतरलं, म्हणजे आतलं वातावरण आम्लधर्मी झालं, की प्रोटीनच्या पोटात दडलेलं, साधारण 20 अमिनो आम्लांचं तेलकट टोक उसळून पिशवीच्या पापुद्र्यात रुततं. मग प्रोटीन मधोमध दुमडतं आणि विषाणूचा आणि पिशवीचा असे दोन्ही पापुद्रे एकमेकांवर खेचले जातात. आधी त्यांच्या दुहेरी थरांपैकी समोरासमोरचे थर मिसळतात, मग भोक पडतं, आणि विषाणूची जनुकं आत.

1997 साली पीटर किम यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की आम्ल नसतानाही, नुसतं तापवलं तरी हे प्रोटीन असंच स्प्रिंगसारखं उसळतं. सुटलेली ही स्प्रिंग परत ताणता येत नाही. समोर पेशी नसताना सुटली तर वाया गेली. म्हणजे उष्णता घाव घालते तो प्रोटीनवर. त्यासाठी प्रयोगशाळेत नमुना सहसा 56 अंशांवर 30 मिनिटं ठेवतात. पाण्याचा घोट घशातून काही सेकंदांत उतरतो. वाफेने तेवढी उष्णता गाठायची तर मूल भाजेल. पातेलं लवंडलं तर भाजेलच.

माउथवॉशचं थोडक्यात: सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल किमान 60 टक्के लागतं, माउथवॉशमध्ये असलंच तर त्याच्या निम्म्याहून कमी.

आणि 'कुठलाही विषाणू'? नोरो (उलट्या-जुलाब करणारा विषाणू), पोलिओ, हिपॅटायटिस ए यांना हे आवरणच नसतं. नोरोवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. घरात उलट्या-जुलाब असतील तर साबण लावून 20 सेकंद हात चोळा आणि वाहत्या पाण्याखाली धुवा. तिथे विषाणू विरघळत नाही, धुऊन जातो.