पुढे म्हणजे नक्की कुठे?

आमच्या बाबांची २००४ची स्प्लेंडर आहे, हिरो आणि होंडा वेगळे व्हायच्या आधीची. कंपनीची ती जुनी जाहिरात होती ना, 'फिल इट, शट इट, फर्गेट इट', ती बाबांनी जरा जास्तच मनावर घेतली. पेट्रोल भरायचं, झाकण लावायचं आणि चेनसकट सगळं विसरून जायचं. त्यात चेनला फुल कव्हर, त्यामुळे विसरायला अजूनच सोपं. गाडी गल्लीत वळली की खडखड खडखड, ती ऐकून आई तवा ठेवणार आणि मी तीन मजले चढेपर्यंत पहिली पोळी फुगलेली, अशी वर्षानुवर्षांची सिस्टीम.

गेल्या महिन्यात सिंहगड रोडला सिग्नल सुटला, पहिला टाकून क्लच सोडला तर कटक् कटक् करून गाडी जागेवरच. इंजिन बोंबलतंय, चाक हलत नाही, मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. ढकलत मेकॅनिककडे नेली. त्याने चेन कव्हरचं गोल रबरी बूच काढून आत बोट घातलं आणि म्हणाला, "दादा, ही दोन-तीन सेंटिमीटर हलायला पाहिजे, ही तर झोका खेळतीये." चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चाकं, अख्खं किट बदला, मजुरी तीनशे.

तीनशे! मी यूट्यूबवर अकरा मिनिटांचा व्हिडिओ बघितला होता राव.

नाना पेठेत गेलो. काउंटरवर नीट उच्चार करून 'स्प्रॉकेट', म्हणजे तेच दातेरी चाक, मागितलं, तर त्याने आत ओरडून सांगितलं, "स्प्लेंडरचं चेन सॉकेट काढ रे!" मी म्हटलं नुसती चेन दिली तर? तो हसला. जुन्या दातांवर नवी चेन म्हणजे दोन महिन्यांत परत इथेच याल म्हणाला. ते खरंच आहे, घरी जुनं पुढचं स्प्रॉकेट काढलं तेव्हा कळलं, दात झिजून एका बाजूला वाकडे झालेले, मांजराच्या नखांसारखे.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसलो. व्हिडिओतला माणूस कव्हर काढतो ती तीन सेकंद असतात, माझी पाऊण तास, कारण साडी गार्ड आडवं येतं आणि एक बोल्ट इतका गंजलेला की पान्याला पाइप लावून त्यावर मी अक्षरशः उभा राहिलो. आत ग्रीस, माती आणि वीस पावसाळे मिळून एक काळा शिरा झालेला. नवी-जुनी चेन शेजारी शेजारी ठेवली, कड्या तेवढ्याच, पण जुनी चांगली दोन बोटं लांब. लोखंड ताणलं जात नाही म्हणे, आतल्या पिना झिजतात. एकेका कडीत केसभरच, पण कड्या शंभराच्या वर.

एव्हाना माणसं जमली होती. बाईक उघडून बसलेला माणूस दिसला की सोसायटीत कुणाला काही काम राहत नाही.

खरी मजा लॉकला आली. चेनची दोन टोकं जोडून वर एक छोटी क्लिप बसवतात, दिसायला माशासारखी, आणि माशाचं तोंड, म्हणजे बंद बाजू, चेन पळते त्या दिशेला पाहिजे, नाहीतर क्लिप निघू शकते. मी दोन टोकं खालच्या बाजूला ओढून धरलेली. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "तोंड पुढे, हेडलाइटकडे." पार्सल द्यायला आलेला पोरगा म्हणाला, "काका, खालची चेन मागं जाते." काका म्हणाले, गाडी पुढे जाते तर चेन मागे कशाला जाईल? यावर दहा मिनिटं चर्चा, दोन गट पडले. शेवटी त्या पोराने चाक हाताने पुढे फिरवलं, खालची चेन गेली मागे, काका गेले वर चहाला. मग त्याच पोराने हेही सांगितलं की टोकं मागच्या स्प्रॉकेटच्या दातांवर जोडा, ओढायलाच लागत नाही. हे व्हिडिओत नव्हतं.

मग मी पक्कडने क्लिप दाबली आणि ती उडाली.

आवाज आला, टिंग. कुठून आला यावर परत दोन गट. सहा माणसं मोबाइलचे टॉर्च लावून गुडघ्यावर. तेवढ्यात बाबा खाली आले, हातात त्यांचा तो श्रीखंडाचा डबा, ज्याच्यावरून मी त्यांना कायम बोलतो. जुने नट, वॉशर, घड्याळाचे पट्टे, काय वाट्टेल ते. त्यांनी बोटाने जरा ढवळून एक क्लिप काढली. "मागच्या वेळी चेन बदलली तेव्हाची आहे. आजच्या दिवस चालव, उद्या नवीन आण." म्हणजे बदलली होती तर! मी गप बसवली. पोराने तोंड बरोबर आहे का ते तपासलं.

संध्याकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. गाडी इतकी गुपचूप चालत होती की दोनदा वाटलं बंद पडली. घरी बेल वाजवली, आईने दार उघडलं, टीव्ही चालू, ओटा कोरडा. "अरे, कधी आलास? आवाजच नाही आला."

बाबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "म्हणूनच मी बदलत नव्हतो."