सध्या काय ऐकताय, म्हणजे काय ऐकताय असं सांगायचं ठरवलंय?

स्टेटसला टाकायला गाण्याच्या ॲपचा स्क्रीनशॉट काढायच्या आधी ती खालची रेघ, गाणं किती वाजून झालंय ते दाखवणारी, बघत जा हो. नवशिके इथेच मार खातात. ५२ मिनिटांचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल लावलाय, वर लिहिलंय "सकाळपासून याच्यातून बाहेरच येता येत नाहीये" आणि रेघेखाली आकडा काय, तर ०:१४. चौदा सेकंद! चौदा सेकंदात गवय्याचं खाकरून पण होत नाही. बोटाने तो ठिपका ओढायचा, ३७-३८ मिनिटांपर्यंत न्यायचा आणि मग काढायचा फोटो. पार शेवटाला पण नेऊ नका, तिथे द्रुत, म्हणजे जलद लय, चालू असतं आणि द्रुत काय, कुणीही ऐकतं. वरची नोटिफिकेशनं झटकून टाका, दरबारी कानड्याच्या डोक्यावर "आपला हप्ता उद्या देय आहे" हे बरं दिसत नाही.

घड्याळाकडे पण लक्ष असू द्या, कारण स्क्रीनशॉटमध्ये वेळ दिसते आणि आपल्याकडे रागालाही वेळ असते. भैरव रात्री अकराला टाकलात तर कुणीतरी टपलेलंच असतं. भीमपलास दुपारी, यमन दिवेलागणीला, मालकंस जेवणं आटपल्यावर. त्यातल्या त्यात उत्तररात्रीचे राग सगळ्यात सेफ. कारण सोपं आहे, रात्री दहानंतर स्पीकर बंद हा नियम २००० साली आला आणि पूर्वी रात्र रात्र चालणारा पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव दहाच्या काट्यावर आवरता घ्यायची वेळ आली, तेव्हा आता मध्यरात्रीचा राग मध्यरात्री समोर बसून ऐकलेला माणूस तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये एखादाच असेल आणि तो साडेनऊलाच झोपत असेल. बिनधास्त लिहा.

फक्त स्वरांच्या भानगडीत पडू नका, हे अनुभवाचे बोल आहेत. मी एकदा गॅलरीतून मावळतीचा फोटो काढला, त्याला मारवा लावला आणि खाली लिहिलं, "मारव्यातला तो पंचम... अंगावर काटा." आमच्या सोसायटीतले एक काका, ज्यांनी आजवर कुणाच्या बारशाच्या फोटोला पण कधी अंगठा दिलेला नाही, त्यांचं दोन मिनिटात उत्तर आलं, "मारव्यात पंचम नसतो." बास. पुढे काही नाही, पूर्णविरामासकट. मी आधी टायपो म्हणालो, मग म्हणालो की नसलेलाच पंचम मला ऐकू आला असं म्हणायचं होतं, त्यावर नुसत्या दोन निळ्या टिका. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये गाठ पडली. सहा मजले आम्ही दोघं वरचे आकडे बघत होतो, आणि दार उघडल्यावर काका बाहेर पडता पडता म्हणाले, "मालकंसातही नसतो हां, पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवतो." तेव्हापासून मी फक्त "काय लागलाय आज!" एवढंच लिहितो. काय लागलाय ते ज्याचं त्याने बघावं.

नावं कशी घ्यायची हे मात्र शिकून घ्या, त्यातच अर्धं काम होतं. भीमसेन जोशी असं पूर्ण नाव लिहिणारा माणूस म्हणजे तिकीट काढून आलेला, "अण्णा" लिहिणारा म्हणजे त्यांच्याकडे उठबस असलेला. (सी. रामचंद्रही अण्णाच आणि आमच्या नाक्यावर इडली देतो तोही अण्णाच, पण संदर्भ दिला की मजा गेली, तेव्हा देऊ नका.) तसंच कुमार गंधर्वांना कुमारजी, किशोरी आमोणकरांना किशोरीताई, वसंतराव देशपांड्यांना नुसतं वसंतराव. समोरासमोर बोलताना नाव घेतलं की आदर म्हणून कानाची पाळी चिमटीत धरता येते, फोनवर त्याची इमोजी अजून आलेली नाही, म्हणून हात जोडलेली टाकतात लोक. तीन टाका. एक टाकली तर लोकांना वाटतं गुड मॉर्निंगचा मेसेज आहे.

आता "का ऐकतोय" हा भाग. नुसतं गाणं टाकणं म्हणजे नैवेद्य दाखवून आरती न करण्यासारखं आहे. कारण हवंच, आणि "आवडलं म्हणून" हे कारण धरत नाहीत. पाऊस चालतो. एकटेपण चालतं पण सौम्य, नाहीतर मामेबहिणीचा फोन येतो की घरात सगळं ठीक आहे ना. कुमारजींचं टाकत असाल तर क्षयाचा आजार, १९४८ साली देवासला जाणं, काही वर्षं गाणं बंद आणि मग एका फुफ्फुसावर उभी केलेली नवी गायकी, एवढं आलंच पाहिजे. तुम्ही प्रत्यक्षात ते भांडी घासताना ऐकत होतात हे नाही सांगितलं तरी चालेल.

पण सगळ्यात भारी कारण म्हणजे आजोबा. "आजोबांच्या रेडिओवर हे पहिल्यांदा ऐकलं" या वाक्याला महाराष्ट्रात तोड नाही. मीही दोनदा वापरलंय. माझे आजोबा रेडिओ लावायचे ते बातम्या आणि बाजारभावाला, आणि गाणं सुरू झालं रे झालं की सेल उतरतात म्हणून बंद करायचे. त्यामुळे कित्येक गाण्यांचं पहिलं अक्षर मला पाठ आहे.

रेडिओवरून आठवलं, आपण काय ऐकतो हे जगाला सांगायची खाज काही आत्ताची नाही. झारखंडातल्या झुमरी तलैया या गावाचं नाव अर्ध्या देशाला माहीत झालं ते अभ्रकाच्या खाणींमुळे नाही, तिथली मंडळी रेडिओ सिलोनला आणि विविध भारतीला फर्माइशीची पत्रं पाठवून पाठवून दमवायची म्हणून. आपल्याकडे रेडिओवरच्या "आपली आवड" या फर्माइशीच्या कार्यक्रमाला हेच. पोस्टकार्ड आणायचं, नाव गाव लिहायचं, खाली "आणि समस्त मित्रमंडळ", पेटीत टाकायचं आणि मग रोज रेडिओला कान लावून बसायचं की आपलं नाव घेतात का. घेतलं तर एक सेकंद, ते पण अर्धवट चुकीचं. का ऐकायचंय हे कुणी विचारत नव्हतं. आणि नाव वाचून झालं की गाणं खरोखर लागायचं, म्हणजे अख्ख्या आळीला ते ऐकावंच लागायचं, ही सोय आता राहिली नाही.

मौसमी श्रोत्यांनी वाईट वाटून घेऊ नये, त्यांचीही व्यवस्था आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला आले तेव्हा माझ्या ओळखीत अकरा जण निघाले जे "शाळेपासून" ऐकत होते. त्यातला एक माझ्याच बाकावर बसायचा, तेव्हा आम्ही वर्गात नेमकं काय ऐकायचो ते मला चांगलं माहितीये, पण मैत्री टिकवायची असेल तर अशा वेळी बदाम द्यावा आणि पुढे जावं. तसंच गणपतीत डॉल्बीविरुद्ध कडक पोस्ट लिहायची असेल तर ती सकाळी लिहा. मिरवणुकीत नाचतानाचे व्हिडिओ संध्याकाळी येतात.

खरा धोका डिसेंबरात असतो, जेव्हा स्पॉटिफाय वर्षाचा हिशेब रंगीत पाट्यांवर मांडून देतं. या यंत्राला तुमच्या अभिरुचीचा गंध नसतो, ३० सेकंद वाजलं की त्याने एक ऐकणं मोजलं. वर्षभर तुम्ही मन्सूर मन्सूर (मल्लिकार्जुन, गवई) करत असता आणि पहिल्या नंबरावर येतं बडबडगीत, कारण पोरगं त्याशिवाय घास गिळत नाही, दुसऱ्यावर जिममधलं काहीतरी, आणि तिसऱ्यावर एक लग्नाच्या वरातीतलं गाणं, जे नेमकं कुणी लावलं याबद्दल आमच्या घरात अजून एकमत नाही. उपाय दोन. एक तर तसलं काही ऐकताना प्रायव्हेट सेशन चालू करायचं, पण हातात फरसाण असताना कोण सेटिंगमध्ये जातं. दुसरा, जानेवारीपासूनच रोज झोपताना जयपूर-अत्रौली घराण्याचा एखादा अनवट, म्हणजे सहसा कानावर न पडणारा, जोडराग लावून फोन उशीखाली सारायचा. खट, नट-कामोद, बसंती-केदार, काहीही चालेल, तुम्ही घोरत असता, तुमची अभिरुची रात्रभर वाढत असते. सकाळी चार्जिंग संपलेलं असतं एवढंच.

एवढं सगळं सांभाळून परवा मी एक स्टेटस टाकलं. रेघ ३७ मिनिटांवर, वेळ सात वाजून दहा, यमन, खिडकीत पाऊस, कपातून वाफ (ती यायला पाणी तीनदा उकळलं), कारण म्हणून आजोबा, हात जोडलेले तीन. चोवीस तासात १४३ जणांनी बघितलं. उत्तर एकच आलं, डोंबिवलीच्या मावशीचं.

"लोकलमध्ये होते रे, आवाज बंद ठेवून बघितलं. गाणं फार सुंदर आहे. कप कुठून घेतलास?"